ठोकलेले पेच

"झालं वयनी, बसली कडी," म्हणत जगदेव सुतारानं हातोडा खाली ठेवला.

तुळसाबाईनं पाहिलं. पट्टीवर पेचांची डोकी वाकडी, वर आलेली. तिनं कडी धरून नुसती ओढली. कडी, पट्टी, चारही पेच सगळं हातात आलं, वर लाकडाचा भुसा.

तिच्या अंगाची आग झाली. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि दीर इंद्रभान भर दुपारी तिच्या खोलीचं दार ढकलून आत यायला लागला होता. कधी सुपारी पाहिजे, कधी पाणी. काल तर काहीच मागितलं नाही, नुसता बाजेवर येऊन बसला. म्हणून तिला आतून कडी हवी होती. लढाईपायी लोखंड मिळेना अशा दिवसांत ती शेलूबाजारला पायी गेली आणि फय्याजच्या दुकानातून हे पेच घेऊन आली.

"पेचकस कुठी हाय तुमचा, जगदेवभाऊ?"

"हाय ना, पेटीत."

"मंग पेच ठोकले काहून?"

जगदेवनं पायानं भुसा बाजूला सारला. त्याला काय ठाऊक नव्हतं? पेच फिरवत नेला की आपली वाट आपणच कापत जातो, आणि लाकूड त्याच्या आट्यांत घट्ट बसतं. पट्टीच्या भोकाला उतार दिलेला असतो, त्यात त्याचं चपटं डोकं बुडतं, वर नखही अडकत नाही. हातोड्यानं हाणला की तेच आटे लाकूड फाडत जातात. मग त्या भोकात तो खिळ्याएवढाही टिकत नाही. गावात निम्मे लोक कंटाळ्यापायी पेच ठोकतातच. पण जगदेव कामाचा कंटाळा करणारा नव्हता.

"भाऊजीनं सांगतलं?"

"वयनी, खळ्यावरचे दाने मले इंद्रभानच्याच हातून भेटतात. घरात लेकरं हायेत माह्या."

"मंग नाई म्हनाचं होतं. मी दुसरा सुतार पाह्यला असता." तिचा आवाज चढला. "तू मले कडी लावून देऊन राह्यला होता, का त्याले दार उघडून देऊन राह्यला होता?"

जगदेवनं मान खाली घातली. लाज वाटली असेल त्याला. तिच्या काय कामाची ती लाज?

तिनं पेटी उपडी केली आणि पेचकस उचलला. फाटलेली भोकं सोडून पट्टी बाजूला कोऱ्या लाकडावर धरली, टोच्यानं खूण केली. पहिला पेच डगमगला, घसरला. दुसऱ्यांदा त्यानं लाकूड धरलं. मग ती सगळा भार देऊन फिरवत राहिली. सागवान कुरकुरत होतं, तळहात सोलत होता.

"द्या, मी करतो," जगदेव पुढे झाला.

"हात नको लावू."

चौथं डोकं पट्टीत बुडालं तसा तिनं वरून हात फिरवला. काहीच लागलं नाही. तिनं कडी ओढली, पुन्हा ओढली. दार हललं, कडी हलली नाही.

अंगणात इंद्रभानचं खाकरणं ऐकू आलं. तिनं हातोडा सोडून जगदेवची बाकीची हत्यारं पेटीत भरली, पेटी उंबऱ्याबाहेर सरकवली. जगदेव बाहेर पडला तसा हातोडा तेवढा उचलून त्याच्या हातात दिला.

"हा भाऊजीले दे," ती म्हणाली. "आता आत याले त्याले लागन."

आणि तिनं आतून कडी घातली.