पान बेचाळीसवरची चूक

बोल्ट पुन्हा घट्ट झाला होता.

त्याने पाना काढला, पुसला, परत लावला. बोल्ट ढिम्म हलेना. साडेनऊ होऊन गेले होते. चार वाजता गॅरेजवाला साखळीची कप्पी घेऊन येणार होता. "उचलायचं मी बघतो, तुम्ही फक्त इंजिनाचे बोल्ट सैल करून ठेवा," असं तो म्हणाला होता. पाचांपैकी चार सैल झाले होते. पाचवा इंजिन आणि बॉनेटच्या आतला पत्रा यांच्या बेचक्यात बसलेला. संध्याकाळी सोडवावा आणि सकाळी येऊन पाहावं तर जैसे थे.

"सुटला का?" मागून वडिलांनी विचारलं.

"सुटेल."

"ते डावखुऱ्याचं काम नव्हे."

म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत. त्या बेचक्यात डावा हात कोपरालाच अडायचा. उजवाच घालावा लागे, आणि त्याच्या उजव्या हाताला साधं पेन धरायची सवय नव्हती.

वडील चाळीस वर्षं मोटारींचे मिस्त्री होते. सात महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. पाय थोडासा परत आला, हात आला नाही. काठी टेकत, पाय ओढत ते पहाटेच गाडीशेजारच्या खुर्चीत येऊन बसत. उजवा हात मांडीवर टॉवेलखाली पडून असे, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय कुत्रं आहे?" म्हणत त्यांनी तो भिरकावला. चेंडू गाडीखाली गेला तो अजून तिथेच होता. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, हाताची आशा आता धरू नका, पायाचाही भरवसा नाही, चाकांची खुर्ची आणा. ती उद्या यायची होती. ती दारातून बाहेर काढायची तर दार अडवून वर्षभर बंद पडलेली गाडी हलायला हवी. इंजिन गॅरेजवाल्याला, सांगाडा भंगारात. हे ठरलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "तुम्हाला सोयीचं पडेल ते करा."

तो स्वतः छापखान्यात मुद्रितं तपासायचा. पाना कसा धरतात तेही त्याने वडिलांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात वाचून घेतलं होतं. पान बेचाळीसवर लिहिलं होतं: 'अडलेल्या बोटाशी झटापट करू नये. तेल द्यावे. रोज थोडे फिरवावे. धीर धरावा.' बोल्टचं बोट झालेलं पाहून त्याला हसू आलं होतं. सवयीने त्याने लाल पेन्सिल काढली आणि मधे अर्धा ल भरला.

तेल दिलं. रोज थोडा फिरवला. धीर मात्र त्याच्याकडे मुळातच कमी. शुक्रवारी सोडवलेला बोल्ट शनिवारी घट्ट लागला, तेव्हा त्याला वाटलं, आपण सोडवलाच नसेल. स्वतःवर त्याचा एवढाच विश्वास होता. म्हणून काल त्याने बोल्टचं डोकं लख्ख पुसलं, तिथून खालच्या पट्टीपर्यंत लाल पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली, मग बोल्ट पाव फेरा सोडवला. रेघ तुटलेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच हात धुतले.

आता त्याने टॉर्च मारला. रेघ तुटलेलीच होती, पण उलट्या बाजूला. बोल्ट मुळात होता त्याहूनही जास्त आवळलेला होता.

तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. "बोल्टला हात लावलास?"

"मी?" बायको म्हणाली. "अहो, बरणीचं झाकण मी तुमच्याकडून उघडून घेते."

तो तसाच परत आला. घरात तिसरं माणूस एकच.

"बाबा, हा बोल्ट कोण आवळतंय?"

"गाडीच आवळत असेल," वडील भिंतीकडे बघत म्हणाले. "तिला नसेल जायचं."

त्याचं डोकंच फिरलं. दोन दिवस पाण्यात, बोटांची सालं निघालेली, चार वाजता माणूस दारात उभा राहणार, आणि यांना थट्टा सुचते! "एक हात धड आहे, तर त्या डाव्या हाताने असले उद्योग..." म्हणत तो वळला, आणि वाक्य तिथेच तुटलं.

डावा हात तिथे जातच नव्हता.

तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. टॉवेल बाजूला केला. उजव्या हाताची बोटं नेहमीसारखीच अर्धवट मिटून पडली होती. फक्त नखांत काळं वंगण भरलं होतं. त्याने आपली दोन बोटं त्या मुठीत सरकवली. आधी काहीच झालं नाही. मग मूठ हळूहळू मिटत गेली.

"आज जरा जास्तच आवळला गेला, नाही का रे?" वडील चोरी पकडली गेल्यासारखे पुटपुटले.

ती दोन बोटं मुठीत तशीच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने गॅरेजवाल्याला फोन लावला. "आज येऊ नका. नाही हो, तो पाचवा काही सुटत नाही."

मग त्याने बेचक्यात उजवा हात घातला, आणि अजिबात घाई न करता बोल्ट पाव फेरा सैल केला. पाना वडिलांच्या उजव्या हाताशी ठेवला. घरात जाऊन कपाटातलं पुस्तक काढलं, पान बेचाळीस उघडलं, आणि आपण भरलेला तो लाल, अर्धा ल खोडून टाकला.