हरेल तिनं च्या करायचा

ज्ञानेशनं टीव्हीवरच्या गेमचा खोका मोटरसायकलच्या मागं ठेवला आणि बांधायला दोरी काढली, तेव्हा प्रयागबाई ओट्यावर इंदापूरच्या बाजारात न्यायची भेंडी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पण हातातली कोवळी भेंडी जून भेंडीच्या ढिगात टाकली, आणि असली चूक तिच्या हातून कधी होत नसे.

"आई, तोंड पाडू नगंस," तिचा लेक सुयोग म्हणाला. "टॅब आणलाय. असले शंभर गेम मावत्यात त्यात. वायर न्हाय, टीव्ही आडत न्हाय. बारामतीत आता कोण ठेवत न्हाय असले डबे."

"तोंड माझं हाय. पाडीन, न्हायतर टांगून ठिवीन. आन बारामतीचं मला नगं सांगू. तितल्यांनी चुलीबी ठेवल्या न्हाईत, मग भाकरी खायाला हितं येत्यात."

ज्ञानेश खाली बघून हसला. तो सुयोगच्या कंपनीतला जोडीदार, एमआयडीसीजवळ चार पोरांत खोली करून राहणारा. सुयोगनं जुना गेम त्याला देऊन टाकला होता. आत्ताच दोन भाकरी खाऊन उठला होता.

"बरं, असं करू," सुयोग म्हणाला. "तू आन सृष्टी टॅबवर एक रेस लावा. तुला न्हाय जमलं तर तसं म्हण, लगीच खोका उतरवतो. काय रं ज्ञानेश?"

"माझं काय न्हाय मावशी. खोलीवरची पोरं मोबाईलवर बी खेळत्यात."

दर रविवारी भेंडीचा तोडा आटपला की आजी-नात टीव्हीपुढं बसायच्या. दोघींच्या हातात एकेक रिमोट आणि पुढं गाड्यांची रेस. हरेल तिनं च्या करायचा, जिंकेल तिनं पहिला घोट घ्यायचा. सृष्टी आठवीत गेली, च्या करून करून तिचा हात बसला, पण आजीच्या आधी घोट काही तिला मिळाला नव्हता.

सृष्टीनं बापाचा मोबाईल घेतला, टॅब आजीच्या मांडीवर दिला आणि दोन्ही जोडले. "आजी, ह्या खुणेवर अंगठा ठिव. मंग गाडी पळती."

प्रयागबाईनं ठेवला. गाडी हलली नाही. दाबून ठेवला. नाही. मग रेशन दुकानात मशीन अंगठा घेत नाही तेव्हा ती करायची तेच केलं. अंगठा डोक्याच्या केसांवर घासला, खोबरेलाचा ओलावा घेतला आणि परत टेकवला. गाडीनं एक उचकी दिली आणि पुन्हा गप. जन्मभर भेंडी तोडून अंगठ्यावरच्या रेघा कधीच गेल्या होत्या, कातडं वाळून घट्ट झालं होतं. रेशनवाला ओळखीचा, खेपा घालायला लावायचा पण धान्य द्यायचा. हा टॅब काही ओळखीचा नव्हता.

"जिंकले! आजी हरली! आजी हरली!" सृष्टी अंगणभर नाचली.

"कसं वाटलं, आई?" सुयोगनं विचारलं.

अंगठा घेत न्हाय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते परक्या पोरासमोर म्हणायचं? त्यापरीस जीभ भाजलेली बरी.

"झ्याक हाय की," प्रयागबाई म्हणाली. "हरले मी. न्हेऊ दे त्याला खोका." आणि पदर खोचून ती च्या ठेवायला आत गेली.

ज्ञानेशनं दोरीला गाठ मारली.

इकडं सृष्टी ओढणीनं टॅब पुसायला बसली. काचेवर एकाच जागी तेलकट डाग पडले होते, एकावर एक. बोटांचे ठसे म्हणावेत तर रेघ एक दिसेना. पुसता पुसता तिचं बोट त्या खुणेवर पडलं आणि आजीची गाडी भुर्रकन पळाली. रेस सुरू झाली होती त्या रेघेवरूनच पळाली.

प्रयागबाईनं च्या आणला. पहिला कप नातीपुढं ठेवला. "घे. पयला घोट तुझा."

सृष्टी कपाकडं बघेना. ती आजीच्या हाताकडं बघत होती.

"पी की. निवतोय."

"माझा न्हाय ह्यो."

"जिंकलीस न्हवं?"

"तुझी गाडी सुटलीच न्हाय, आजी."

"न्हाय तर न्हाय. गाडीचं गाडी बघून घेईल. तू पी."

"न्हाय पीत." सृष्टीनं कप आजीपुढं सरकवला. पोरीचा हट्ट कुठून उसना आणलेला नव्हता. "पप्पा, खोका उतरवा. मला हिला खरंखुरं हरवायचंय."

च्यावर साय धरली. सुयोग आईकडं बघत राहिला आणि आई भेंडीकडं. ज्ञानेशनं ओठाला लावलेला कप खाली ठेवला आणि गाठ सोडायला घेतली.

"सावकाश रं," प्रयागबाई म्हणाली. "वायर तुटंल."

खोका ओट्यावर आला. वरच तिचा रिमोट होता. त्याच्या एका बटणावरची खूण पार पुसून गेली होती. प्रयागबाईनं रिमोट मांडीवर घेतला, बटणावर अंगठा ठेवून बघितला. मग दुसऱ्या हातानं तो निवलेला कप उचलला आणि सायीसकट पहिला घोट घेतला.

"साखर कमी पडलीय," ती नातीला म्हणाली. "आता तू करशील, तवा ध्यानात ठिव."