आबांचा चेहरा
झुलाल आबांचं तोंड लकव्यानं डावीकडं ओघळलं होतं. जळगावच्या दवाखान्यात फुकट उपचारांचं सरकारी कार्ड चेहरा जुळल्याशिवाय उघडत नव्हतं. अंगठ्याच्या रेषा केळीच्या चिकानं केव्हाच पुसलेल्या. आरोग्यमित्र बाईंनी पुन्हा आबांसमोर मोबाईल धरला. “जुळत नाही. आधारच्या फोटोत तोंड सरळ आहे.” “तोंड वाकडं झालं म्हणूनच आणलं ना, मॅडम!” सून नूतन रडकुंडीला आली. नवरा सुरतेला. लग्नापासून तिनं सासऱ्यासमोर पदर ढळू दिला नव्हता, की त्यांच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. आज पदर खांद्यावर पडला तरी तिनं सावरला नाही. आबांचा गाल तळहातात घेऊन तिनं ओठाचा कोपरा उचलून धरला. “आबा, आठे देखा,” ती मोबाईलकडं मान करून म्हणाली. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा फोटोतल्यासारखा सरळ झाला. बाईंनी मोबाईल जवळ आणला. “ताई, फोटोत हात येतोय. आता तेवढा हात काढा.”