नागोरावची समजूत

नागोराव अंगणात आला तशी ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी घाईघाईनं विडी विझवली. कांताबाईच्या लेकीची, अपेक्षाची, माती होऊन तीन दिवस झाले होते, आणि या घरची चूल अजून शेजारणीच पेटवत होत्या.

विहिरीवर पाय घसरला, असं अपेक्षाच्या सासरचे सांगत होते. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली, कारण तक्रार द्यायला कुणी गेलंच नाही. पण आंघोळ घालणाऱ्या बायकांनी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले होते.

नागोराव तीन दिवस जेवला नव्हता. अपेक्षाला सासरी परत पाठवलं होतं ते त्यानंच.

तो गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता. मोडलेला हात घेऊन अपेक्षा उन्हाळ्यात माहेरी आली, पाठोपाठ तिचा नवरा बंटी तिला न्यायला आला, आणि ग्रामपंचायतीत बैठक बसली. नागोरावनं बंटीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. त्याच्याकडून शपथ घेतली. बंटी रडला, पाया पडला. मग नागोराव अपेक्षाला म्हणाला, "जाशीन ना बाई? आता काही करत नाही तो." अपेक्षानं आईकडे पाहिलं. कांताबाईच म्हणाली, "जाईन जी पोरगी. तुमी म्हणान तसं."

चहा संपायच्या आत मिटलं. त्याच्यासमोर सगळीच भांडणं अशी मिटायची. बांधाची, भावाभावांची, दारूची. वर्षानुवर्षं गावातलं एकही प्रकरण ठाण्यात गेलं नव्हतं. नागोरावला याचं फार समाधान होतं, कारण त्याची पहिली जिंदगी या गावाला तोंडपाठ होती.

राजूरच्या कोळशाचे ट्रक रस्त्यात अडवून माल उतरवणारी टोळी होती, तिचा तो माणूस. शर्टाखाली गावठी कट्टा घेऊन फिरायचा. मारेगावच्या भर बाजारात, कायच्या तरी बोलाचालीवरून, त्यानं गावातल्याच प्रफुल्लच्या गुडघ्यात गोळी घातली. तो जेलमध्ये असताना त्याची माय मेली. त्याला वाटलं, आपल्यासारख्याच्या मायला कोण खांदा देणार? सुटून आल्यावर कळलं, सगळा गाव मातीला गेला होता, आणि पहिला खांदा प्रफुल्लच्या बापाचा होता. त्या दिवशी नागोराव भर रस्त्यात बसून रडला. पुन्हा त्यानं हत्यार धरलं नाही, दारू घेतली नाही. कुणावर आवाज चढवला नाही. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की त्याचीच गाडी निघायची. ग्रामसभेत अध्यक्षपदासाठी त्याचं नाव निघालं, तेव्हा विरोधात एकही हात वर झाला नाही. प्रफुल्लनंसुद्धा हात वर करून होकार दिला. गावानं आपल्याला पदरात घेतलं, असं नागोराव तेव्हापासून मनाशी धरून होता. या गावासाठी मरायलाही तो तयार होता.

कांताबाई दाराशी पदर सावरून बसली होती. नागोराव तिच्यापुढे खाली मातीतच बसला.

"वहिनी, पाय घसरला नाही तिचा. तुमाले माहीत हाये, मलेही माहीत हाये. मारेगावले चाला माह्यासंग. तक्रार देऊ. मी साक्ष देतो. त्या बैठकीत मीच होतो, तेही सांगतो."

"तुमी म्हणान तसं, भाऊ."

"मी म्हणतो म्हून नाही. तुमच्या मनात काय हाये?"

"तुमी म्हणान तेच."

नागोरावनं तिच्याकडे नीट पाहिलं. बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"एक इचारतो," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी अपेक्षाले जायाचं होतं का?"

घरातून कांताबाईचा मुलगा अमर उंबऱ्यापर्यंत आला. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याचे डोळे सुजले होते.

"नव्हतं जायाचं तिले," तो म्हणाला. "रातभर रडली. मले पाठवू नोको म्हणून आईच्या पाया—"

कांताबाई झटकन उठली. तिनं मुलाच्या तोंडावर हात दाबला, त्याला आत ढकललं, दार ओढून बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

नागोरावनं बसल्या जागेवरूनच त्या बंद दाराकडे पाहिलं.

"मंग मले काहून नाही सांगतलं, वहिनी? एक शबद बोलल्या असत्या. मीच तिले ठेवून घ्या म्हणलं असतं. बंटीले हाकलून देलं असतं गावातून."

त्यानं वळून लोकांकडे पाहिलं. ओट्यावरची माणसं अजून उभीच होती. त्यांच्यात प्रफुल्लही होता. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

आता पोराकडूनच ऐकावं, जे असेल ते सगळं ऐकावं, त्यानं शिव्या दिल्या तर त्याही घ्याव्या, असं नागोरावला वाटलं. तो उठला आणि दाराकडे निघाला.

कांताबाई दोन्ही हात पसरून उंबऱ्यात खाली कोसळली. तिनं नागोरावचे पाय धरले.

"पोरगी तं देली ना भाऊ तुमच्या शब्दावर," ती म्हणाली. "पोरगा तेवढा राहू द्या."