रूहीचे शब्द

साडेचार वर्षांची झाली तरी रूही एकही शब्द बोलत नव्हती, म्हणून तिची आई अनवरी तिला दर गुरुवारी जुन्नरहून ओतूरला समृद्धी मॅडमच्या वाचा-उपचार केंद्रात आणायची.

मूल नवा शब्द बोललं की आईने तो वहीत लिहायचा, ही समृद्धीची पद्धत.

पहिल्या महिन्यात वहीत सात शब्द आले. "लई गुण आला, मॅडम! आता ती त्याचं पन नाव घेती... ते, शिंगं असत्यात, दूध देतं..."

वहीतला सातवा शब्द 'गाय' होता.

चौथ्या महिन्यात वही भरली. शेवटची पानं अनवरीच्या नवऱ्याच्या अक्षरात होती. अनवरी आता नुसत्या खुणा करायची.

आज तिच्यापाशी एकच शब्द उरला होता. "रूही, रूही," लेकीला मांडीवर घेऊन ती पुटपुटत होती.

रूहीच्या बोलण्याच्या चाचणीतही एकच प्रश्न उरला होता. समृद्धीने पेन उचललं, तसा अनवरीने तिचा हात घट्ट धरला आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

समृद्धीने हात सोडवून घेतला.

"बाळा, तुझं नाव काय?"

मुलगी आईकडे बघून गोड हसली. "रूही."

समृद्धीने बरोबरची खूण केली.

अनवरीने मांडीवरच्या अनोळखी मुलीला हळूच खाली उतरवलं.