पंधरा दिवस भात बंद

अड्याळची गुंजन भूपेंद्रला पहिल्यांदा भेटायला वरठीच्या स्टेशनवर आली, तेव्हा तिच्या पोटात फक्त भीती होती. इन्स्टाग्रामवरचा तिचा जो फोटो भूपेंद्रला आवडला होता, त्यात तिने मोबाइलवरच गाल आणि कंबर बारीक केली होती. आता तसं दिसायचं म्हणून ती पंधरा दिवस काकडी खाऊन राहिली होती.

बाकावर तिच्या शेजारी एक गोलमटोल तरुण कधीचा कोणाची तरी वाट बघत बसला होता. शेवटी तिने भूपेंद्रला फोन लावला. रिंग शेजारच्याच खिशात वाजली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही मान खाली घातली.

"फोटो जुना आहे का तुमचा?" तिने हळूच विचारलं.

"नाही जी. पोट मी मोबाइलवर कमी केलं," तो म्हणाला. "वाटलं, एवढी बारीक पोरगी मले कायले हो म्हणन? पंधरा दिवस झाले, भात बंद आहे."

"माहा बी," गुंजन म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मग तोही पोट हलेपर्यंत हसला.

स्टेशनबाहेरच्या भोजनालयात त्याने तिसऱ्यांदा भात मागितला, तिने दुसऱ्यांदा. तेवढ्यात आईचा फोन आला.

"कसा आहे वं पोरगा?"

गुंजनने समोर पाहिलं. भूपेंद्र आपला पापड मोडून मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवत होता.

"बढिया आहे आई," ती म्हणाली. "फोटोत पुरा मावला नव्हता."