रंग पुसायची फळी

"हे कोणाचं?" माझी चित्रं निवडायला मुंबईच्या गॅलरीतून आलेल्या बाई मोरीजवळच्या फळीपुढे थांबल्या.

"ती नुसती फळी आहे," मी हसलो. "माझ्या पॅलेट नाइफला लागलेला रंग बायको रोज तिच्यावर पुसते."

बाई हसल्या नाहीत. भिंतीवरच्या माझ्या बारा कॅनव्हासांपुढून त्या चहाचे घोट घेत गेल्या होत्या. इथे त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्मा चढवला. मग मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. गेरूचे जाड थर वाळून भेगाळले होते आणि त्या भेगांतून खालचा निळा डोकावत होता. असा निळा मला वीस वर्षांत एकदाही साधला नव्हता. आणि रंग तर माझेच. अंगाचा तिळपापड झाला.

"आपसूक झालंय ते," मी म्हणालो.

"आपसूक कसं?" मोरीवरून शालन म्हणाली. "निळा ओला असताना गेरू पुसला असता तर नुसता चिखल झाला असता. आठ दिवस थांबले मी. तोवर पेपरला पुसत होते."

बाईंनी फळीचा फोटो काढला. माझ्या चित्रांचं नंतर कळवते म्हणाल्या.

त्या गेल्यावर शालन फळीचा एक कोपरा न्याहाळत राहिली. "अहो, इथे थोडा पिवळा हवा. उद्या पिवळा काढाल ना?"

माझं अर्धवट चित्र पिवळ्यावाचूनच अडलं होतं. टेबलावरची नवी ट्यूब मी हळूच खिशात घातली.

"पिवळा संपलाय," मी म्हणालो.